उरलेले पाच सोमवार

सोमवार, २० ऑक्टोबर १९८६. घाटकोपर. दिवाळी तोंडावर आलेली.

सकाळी सात वाजता घरात हजर: मी, सुनंदा, वय चव्वेचाळीस. माझे यजमान, ज्यांना मी नावाने हाक मारत नाही, म्हणून इथेही 'हे' असंच लिहीन. मुलगी शुभा, बारावीत. आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणायचे. त्यांचं वय अंदाजे सत्तर. अंदाजे, कारण त्यांच्या जन्माची नोंद कुठेच नव्हती, आणि विचारलं की त्या गावातल्या कुठल्याशा वादळाचं वर्ष सांगायच्या.

दुपारी बारा वाजता घरात हजर: फक्त आई.

त्या दिवसाबद्दल मला लिहायचं आहे. ज्यांना माझ्यासारखी रोजची गोळी आहे, आणि ज्यांच्या घरात त्या गोळीपायी बाकीच्यांची धावपळ होते, त्यांनी हे वाचावं अशी इच्छा आहे. पण आधीची तीन वर्षं सांगितल्याशिवाय तो दिवस समजणार नाही.

नाव कळलं तो दिवस

मी साकीनाक्याला इलेक्ट्रिक स्विच बनवणाऱ्या एका युनिटमध्ये स्टोअर सांभाळते. स्क्रू, पितळी पट्ट्या, बॅकेलाइटची झाकणं, सगळं मोजून घ्यायचं, मोजून द्यायचं. एकेचाळिसाव्या वर्षी माझी बोटं सकाळी मिटेनाशी झाली. आधी वाटलं, पितळेच्या कामाने. मग गुडघे, मग मनगटं. एक दिवस बसमध्ये कंडक्टरने दिलेलं तिकीट बोटांतून गळून पडलं आणि ते उचलायला मला वाकता येईना. मी तिकीट पायाखाली दाबून साकीनाक्यापर्यंत गेले.

हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात तीन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सांध्यांचा आमवात आहे. बरा होत नाही. सांभाळता येतो."

मी पर्समधून कागद काढला. "सांभाळायचा म्हणजे काय काय करायचं ते सांगा, लिहून घेते."

त्या हसल्या. म्हणाल्या, "तुमच्यासारखा पेशंट बरा. पण सगळंच कागदावर येत नाही हं."

मला तेव्हा ते पटलं नव्हतं. घरी येताना मी रडले नाही. रस्त्यात भाजी घेतली. घरी पोचल्यावर मात्र मटार सोलायला बसले, आणि शेंगेची शीर काही केल्या नखात धरेना. आईंनी ताट माझ्यासमोरून उचललं आणि स्वतः सोलायला बसल्या. तेव्हा रडले.

गोळी

स्टिरॉइडची गोळी सुरू झाली आणि आठवड्यात बोटं मिटायला लागली. मला वाटलं, सुटले. मग एकेक गोष्ट दिसू लागली. तोंड सुजून गोल झालं, बिल्डिंगमधल्या बायका म्हणायला लागल्या, "सुनंदाताई, तब्येत छान सुधारली हो!" भूक अशी, की जेवून ताट घासेपर्यंत पुन्हा लागायची. कातडी पातळ झाली. बांगडी जरा घासली तरी निळा डाग. झोप उडाली. आणि राग. तो माझा नव्हता, गोळीचा होता असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पण तोंड माझंच होतं आणि ऐकणारी माणसं माझ्याच घरातली होती.

एकदा आईंनी माझी सकाळची गोळी चुकून दुपारच्या काडेपेटीत ठेवली. मी त्यांना शुभादेखत काय काय बोलले ते लिहीत नाही. त्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. नंतर आत जाऊन शुभाला म्हणाल्या, "तिका रागवा नको. ती गोळी बोलता."

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या व्यवस्थेतली एक काडीही इकडची तिकडे केली नाही. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

व्यवस्था अशी होती. रिकाम्या काडेपेट्या एका पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या. माझ्या तीन: सकाळ, दुपार, संध्याकाळ. आईंची एक, कारण त्यांना साखरेचा विकार निघाला होता आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी रोज सकाळी न्याहारीच्या वेळी एक गोळी दिली होती. आईंना वाचता येत नव्हतं, म्हणून शुभाने माझ्या पेट्यांवर सूर्य काढले आणि आईंच्या पेटीवर बांगडा.

"म्हणजे गोळी घेवन वर बांगडो खाव?" आईंनी विचारलं.

"खा ना आजी, कोण नाही म्हणतंय!"

पुठ्ठ्याच्या मागे मी औषधांची यादी लावली होती. आईंच्या ओळीत जागा कमी होती. 'सकाळी, न्याहारीच्या वेळी, १' असं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, 'सकाळी १'.

थकवा

दुखणं लोकांना कळतं. थकवा कळत नाही. मी 'दमले' म्हटलं की समोरचा म्हणतो, दमतं हो सगळेच. हा थकवा कामानंतर येत नाही, कामाच्या आधीच येऊन बसलेला असतो. अंग ओल्या गादीसारखं जड. तोंड धुवायला उठायचं, हाही एक निर्णय होतो. झोपून उठल्यावर तो कमी होत नाही.

बऱ्याच धडपडीनंतर मी स्वतःसाठी एक नियम केला: नोकरी सोडून दिवसाला तीन कामं. तीनच. आंघोळ हे एक काम धरायचं, ते फुकट नाही. डोकं धुवायचं असेल तर ती दोन. ज्यांना हा आजार आहे त्यांना मी हा नियम अजूनही सांगते. भाजी बसून चिरा. पिळायचे कपडे पिळू नका, निथळू द्या. नळाच्या तोटीला फडकं गुंडाळा, म्हणजे पकड येते. चांगला दिवस आला की चार दिवसांची कामं उरकू नका. पुढचे चार दिवस तो वसूल करतो.

नियम चांगलाच होता. फक्त त्याची दुसरी बाजू मी पाहिली नाही. मी तीन कामं करणार, तर घरातली बाकीची कुणीतरी करणारच होतं.

मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तक्ता आखला आणि स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावला. चार रकाने: मी, हे, शुभा, आई. ह्यांची शिफ्ट, शुभाची बारावी. जे काम कुठेच बसेना ते चौथ्या रकान्यात जायचं. आई कधी नाही म्हणाल्या नाहीत. वाचता येत नसल्यामुळे त्या रोज सकाळी शुभाला विचारायच्या, "माझ्या घरात आज काय काय भरलंहास गो?" त्या रकान्याला घर म्हणायच्या.

तक्त्यात एक ओळ होती जी मी फार कौतुकाने लिहिली होती. डॉक्टरीणबाईंनी मला उपास बंद केले होते, कारण रिकाम्या पोटी ही गोळी जठराला भोक पाडते. लग्न झाल्यापासून मी श्रावणी सोमवार, चतुर्थ्या, सगळं करत होते. ते सुटलं तेव्हा मला उगाच अपराधी वाटलं. आई म्हणाल्या, "तू आधी जेव गो. तुझे उपास मी धरतंय."

"अहो आई, असं चालतं का?"

"देवाक रिकामां पोट व्हयां. कोणाचां, तां तो बघणा नाय."

आम्ही सगळे हसलो. मी पेनाने त्यांच्या रकान्यात लिहिलं: सुनंदाचे उपास.

सोळा सोमवार

शहाऐंशीच्या श्रावणात, पहिल्याच सोमवारी, आईंनी सोळा सोमवारांचं व्रत धरलं. माझी गोळी कमी व्हावी म्हणून. दिवसभर काही नाही, संध्याकाळी शंकराची पूजा, मग कणकेचा गूळ-तूप घातलेला चुरमा. सोळा झाले की सतराव्या सोमवारी उद्यापन.

आणि गोळी खरंच कमी होत गेली. सप्टेंबरात डॉक्टरीणबाईंनी ती निम्म्यावर आणली. माझा चेहरा उतरू लागला. मी जिना एका दमात चढले. खरं सांगायचं तर ऑक्टोबरमध्ये मी तक्त्यातली पाच कामं परत माझ्याकडे घेऊ शकले असते. पाणी भरणं नाही, पण तांदूळ निवडणं, कपडे घड्या करणं, चहा. मी रोज म्हणायचे, रविवारी तक्ता बदलू. पण तीन वर्षांनी पहिल्यांदा मी संध्याकाळी खुर्चीत पाय वर घेऊन बसत होते आणि ते सोडवत नव्हतं. यात थकव्याचा भाग होता. सगळाच थकव्याचा नव्हता.

माझ्याबरोबर स्टोअरमध्ये काम करणारी कमल अकरा तारखेला, शनिवारी, घरी आली होती. दारामागचा तक्ता तिने कंबरेवर हात ठेवून वाचला.

"हे काय गं? घर चालवतेस का स्टोअर?"

"सोय असते."

"कुणाची? तुझ्या नावाखाली तीन. आईंच्या नावाखाली मी मोजले, सतरा. वर उपास पण! उपास पण वाटून देतात होय तुमच्यात?"

आई चहा घेऊन येत होत्या. "तू धर एक, कमळ. हलको होयत."

"नको गं बाई, आम्ही देवच सोडले, उपास कुठले धरू!" कमल हसली, आणि कप घेताना आईंचा हात धरून म्हणाली, "आई, हात थरथरतोय तुमचा."

"कप जड हा," आई म्हणाल्या.

जाताना जिन्यात कमल मला म्हणाली, "सुनंदा, तो कागद फाड आधी." मला राग आला. मी मनात म्हटलं, हिला काय कळतंय.

पानाची डबी

एकोणीस तारखेला, रविवारी, दिवाळीची साफसफाई काढली. आईंचं फडताळ आवरताना त्यांची पानाची डबी माझ्या हातून सांडली. सुपारी, कात, आणि गोळ्या. साखरेच्या. मी सवयीने मोजल्या. नऊ.

स्टोअरमध्ये मालाचा ताळा लागला नाही की मला जसं होतं तसं झालं. मी डबी घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले. शुभा क्लासला गेली होती, हे बाजारात.

"आई, ह्या काय आहेत?"

त्यांनी डबीसाठी हात पुढे केला.

"मी रोज रात्री पेटी भरते. तुम्ही घेत नाही आणि लपवून ठेवता?"

"विसारलंय गो. म्हातारी झालंय."

"विसरलेली गोळी पेटीत राहते आई, डबीत जात नाही. मी गोळीवर जगते आणि तुम्ही खेळ करता? शपथ घ्या. शुभाची शपथ घ्या, एक दिवस चुकवणार नाही म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "शुभाची कित्याक?"

"घ्या."

त्यांनी घेतली.

नऊ गोळ्या. त्याआधी दहा सोमवार होऊन गेले होते. माझ्यासारख्या बाईला तो ताळा त्याच क्षणी लागायला हवा होता. पहिल्या सोमवारी त्यांनी गोळी घेऊन उपास केला होता आणि दुपारी त्यांना घाम फुटून गरगरलं होतं. तेव्हापासून दर सोमवारी त्या गोळी बाजूला काढत होत्या. हे शुभाला माहीत होतं. आजीने तिला सांगितलं होतं, "आवशीक सांगा नको. ती माझो उपास बंद करीत." शुभाने सांगितलं नाही. मी विचारलं नाही. औषधांची यादी पुठ्ठ्यामागे होती, उपासांची दारामागे, मधे चार पावलांचं अंतर. दोन्ही मीच लिहिल्या होत्या.

अकरावा सोमवार

सकाळी मी निघताना आईंनी मला पेटी उघडून दाखवली. रिकामी. "घेतलंय हां," म्हणाल्या. मी म्हटलं, "शाब्बास." सासूला शाब्बास म्हटलं.

देवाला दिलेला शब्द मोडायचा नाही आणि नातीची शपथही मोडायची नाही. त्यांच्यापुढे तिसरा रस्ता मी ठेवला नव्हता. तक्त्यात त्या दिवशी त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: पितळेची भांडी, माळ्यावरचे डबे.

दीड वाजता शुभा कॉलेजातून आली तेव्हा आई भांड्यांमध्ये आडव्या होत्या. चिंचेने माखलेला हात, अंग घामाने भिजलेलं, डोळे अर्धे उघडे. शेजारच्यांनी रिक्षा आणली. मला युनिटच्या ऑफिसमध्ये फोन आला. घाटकोपरला पोचेपर्यंत मी पर्समधल्या कागदावर लिहीत होते: टॉवेल, चादर, जुने कागद, थर्मास.

वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "काही खाल्लं होतं?"

"उपास होता."

"आणि गोळी?"

"घेतली. मी... आम्ही चुकवू दिली नाही."

त्याने ते केसपेपरवर लिहून घेतलं. त्याने मला एकही वाईट शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

उपाशी पोटी त्या गोळीने रक्तातली साखर पार उतरली होती. नळीतून साखर चढली. संध्याकाळी आईंनी डोळे उघडले. आवाज खोल गेला होता. मी वाकले.

"सुनंदा, माझी बाटली कसली ही?"

"साखरेचं पाणी आहे आई."

त्या घाबरल्या. "सुयेतसून साखर गेली तर उपास मोडता काय गो?"

हे मागे उभे होते. ते तोंड फिरवून खिडकीकडे गेले.

मी म्हटलं, "नाही मोडत. तोंडातून गेलं तरच मोडतो."

"मगे बरां. अकरा झाले. पाच रवले." मग थोड्या वेळाने, "तुझी संध्याकाळची गोळी?"

घेतली नव्हती. शुभाने पाव आणला, मी त्यांच्यासमोर तो खाल्ला, आणि मग गोळी घेतली. त्या बघत होत्या. गिळल्याची खात्री झाल्यावर डोळे मिटले.

हृदयावर ताण पडला होता, असं दुसऱ्या दिवशी कळलं. सकाळी सहाला चादर, सातला चहा, नऊला मोठे डॉक्टर, चारला भेटीची वेळ. हे सकाळी, मी कामावरून परस्पर, शुभा मधे. शुभा माझ्याशी बोलत नव्हती आणि मी तिच्याशी. बुधवारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर ती एकदम म्हणाली, "मला माहीत होतं गं आई, सोमवारची ती घेत नाही ते. मी सांगायला हवं होतं."

मी तिला म्हटलं, "तू सांगितलं असतंस तरी मी आधी गोळ्या मोजल्या असत्या." ते खरं होतं. ती माझ्या सुजऱ्या बोटांवर डोकं ठेवून रडली. दुखत होतं, पण हात काढला नाही.

कमल रोज दुपारचा डबा द्यायची. ती तक्त्याबद्दल एक अक्षरही बोलली नाही.

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता आई गेल्या. तेव्हा हजर: हे आणि मी.

आता

याला दोन वर्षं होत आली. दारामागचा तक्ता मी फाडला. कामं आता बोलून ठरतात. थोडी जास्त कटकट होते, होऊ दे. मी नियमाने सांगते, ज्यांच्या घरात दोन माणसं गोळीवर असतील त्यांनी दोघांच्या याद्या एकाच कागदावर लिहाव्यात, आणि त्याच कागदावर कोण कधी उपाशी असतं तेही लिहावं. डॉक्टरांना उपासाबद्दल स्वतःहून सांगावं, ते विचारत नाहीत. गोळी राहून गेलेली दिसली तर ओरडण्याआधी का म्हणून विचारावं. आणि आजारी माणसाने बरं वाटेल त्या आठवड्यात आपलं एक तरी काम परत मागून घ्यावं. बरं वाटणं कधी जाईल सांगता येत नाही, आणि काम करणारं माणूसही.

माझी गोळी अर्ध्यावर आहे. त्याखाली ती आलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, बहुधा अशीच राहील. सकाळी सात, न्याहारीनंतर. चेहरा पूर्वीसारखा झालाय. सांधे बोलतात, पण ओरडत नाहीत. थकवा आहे तिथेच आहे. तीन कामं.

राहिलं ते व्रत. भटजींना विचारलं. ते म्हणाले, घरातल्या कुणीही उरलेले सोमवार करून उद्यापन केलं तरी चालतं. शुभा म्हणाली, "मी करते." मी तिला करू दिलं नाही. माझ्यासाठी आता ह्या घरात कुणी उपाशी राहणार नाही, हे मी तिला जरा मोठ्यानेच सांगितलं. हे म्हणाले, "मग तू कर." मी केलं तर गोळी रिकाम्या पोटी घ्यायची किंवा सोडायची, आणि नेमकं तसं होऊ नये म्हणूनच आईंनी माझे उपास स्वतःकडे घेतले होते. हे म्हणाले, "मग सोडून दे ना." तेही जमत नाही. अकरा सोमवार त्या उपाशी राहिल्या आहेत. ते मी कुठे ठेवू?

दर रविवारी मी अजूनही आठवड्याची यादी करते, लहानशी, वहीच्या पानावर. झालेलं काम खोडते आणि राहिलेलं पुढच्या पानावर उतरवते. एक ओळ तेव्हापासून प्रत्येक पानावर शेवटी उतरवली जाते. तिच्यापुढे अजून कुणाचंच नाव घातलेलं नाही.

आईंचे पाच सोमवार.